लाखी घोडी आणि सोळा जीबीचे कार्ड यांची हकीकत

श्री विघ्नहर्त्यास नमन, शारदेस नमन, आणि खेळ ऐन रंगात असता जाऊ नये म्हणून विजेसही नमन. शके १९४७ विश्वावसुनाम संवत्सरे, आश्विन शुद्ध एकादशीपासून मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीपर्यंत एका राज्यात जे वर्तमान घडले ते यथास्थित लिहितो. राज्याचे नाव लिहू नये ऐसा हुकूम आहे, म्हणून लिहीत नाही. ज्यास ठाऊक त्यास ठाऊक, ज्यास नाही त्यास नुसत्या नावाने काय भाकरी मिळणार.

त्या राज्यात महाराजांच्या आत्या मैनाबाईसाहेब म्हणून होत्या. वय एकाहत्तर, आवाज खणखणीत, तोंडाने फटकळ, आणि उभा जन्म घोड्यावर गेलेला. मग गुडघे गेले. राजवैद्यांनी सांगितले की आता रिकिबीत पाय घालाल तर पुन्हा जमिनीवर पाय ठेवणे होणार नाही. तेव्हा बाईसाहेबांनी सहा महिने कोणाशी धड बोलणे केले नाही, पानावर रुसल्या, देवावर रुसल्या, आणि राजवैद्य जिन्यात दिसले की काठी आपटीत. मग यंत्रनीस कोन्हेरपंत, ज्यांचेकडे राज्यातील संगणकांचा कारखाना होता, त्यांनी युक्ती योजिली की माडीवर थोरल्या महाराजांचे वेळची संगणकाची पेटी आहे, आतले सामान वेळोवेळी बदलून नवे केले आहे, तीत घोड्यावर बसण्याचा एक गेम घालून द्यावा. घालून दिला. बाईसाहेबांनी पहिले दिवशी पाहून नाक मुरडले. दुसरे दिवशी घटकाभर बसल्या. तिसरे दिवशी जेवणाचे बोलावणे तीन वेळा गेले तरी उठल्या नाहीत.

गेम परमुलखातला. त्यात बर्फ, देवदार, आणि घोडे ऐसे की बाईसाहेब म्हणाल्या, "ही घोडी आहे की पाट्यावर ठेवलेला वरवंटा." मग कोन्हेरपंतांनी मॉड दाखविले. मॉड म्हणजे काय ते वाचणारास सांगणे प्राप्त आहे. मूळ गेम एकाने रचावा आणि मग जगभरच्या हौशी मंडळींनी त्यास आपापले ठिगळ लावावे, कोणी झाड बदलावे, कोणी आभाळ, कोणी जनावर, आणि ज्यास जे रुचेल ते त्याने फुकट उचलून आपल्या गेमात घालावे, यास मॉड म्हणतात. बाईसाहेबांस हे इतके मानवले की दोन वर्षांत तीनशे सतरा मॉड घातले. देवदार गेले, बाभळी आल्या. बर्फ गेले, तरवडाची पिवळी फुले आली, करवंदीच्या जाळ्या आल्या, माळावरचा वारा आला. आणि घोडी आली, तिचा रंग लाखेसारखा, म्हणून नाव लाखी. तिच्या आयाळीचा केस न् केस वेगळा हाले. बाईसाहेब माऊस हाती धरून तासन्‌तास त्या माळावर फिरत, आणि गुडघ्यांचे नाव घरात निघेनासे जाहले.

परंतु माळाचे टोकास एक नदी होती. तिच्या पाण्यासही मॉड होता, त्यात आभाळ, बाभळी, घोडी, सर्वांचे प्रतिबिंब दिसावे ऐसा. लाखी नदीजवळ जाऊ लागली की पडद्यावरचे चित्र अडखळे, पाऊल उचलले ते चार श्वास हवेतच राही, आणि टापा पाण्यास लागल्या की गेम मूर्च्छा पावे, पडदा काळा होई. दोन वर्षांत बाईसाहेब शंभर वेळा गेल्या आणि शंभर वेळा परतल्या. एकदा कोन्हेरपंतांपाशी बोलून गेल्या, "पंत, मला पलीकडचा काठ बघायचाय. घोड्यावर बसून बघायचाय. एवढं झालं की माझं काही मागणं नाही." हे बोलताना डोळ्यांत पाणी होते.

दिवाण नरसोपंत यांचा डोळा त्या माडीवर होता. दप्तरखान्यात कागद मावेनात, कागद बांधलेल्या रुमालांवर रुमाल रचलेले, आणि माडीस उजेड चांगला. तेव्हा आश्विन शुद्ध एकादशीस भर दरबारात बोलिले की, "बाईसाहेबांचं वय आता नामस्मरणाचं. दोन वर्षं झाली, नदी काही ओलांडली जात नाही. देवाची इच्छा दिसत नाही." बाईसाहेब बोलिल्या, "देवाला यात ओढू नका, पंत, त्याला तुमचे कागद ठेवायचे नाहीत." मग बोलणे वाढत गेले आणि शेवटी पैज ठरली. चंपाषष्ठीचा सूर्य मावळण्यापूर्वी लाखी नदीपार जाहली तर दिवाणजींनी माडीचे नाव पुन्हा काढू नये. न जाहली तर पेटी दप्तरखान्यात जमा, माडी दिवाणजींची, आणि बाईसाहेबांनी देवघरात माळ घेऊन बसावे, लाखीचे नाव पुन्हा घेऊ नये. महाराजांनी दोन्हीकडे पाहून मान डोलाविली. महाराज कधीही कोणाविरुद्ध मान डोलावीत नसत.

मग कोन्हेरपंतांनी निदान केले. बोलिले, "आजवर या पेटीत चित्रं काढायला वेगळं कोणी नाही. आतला मुख्य प्रोसेसर आहे, तोच सगळा कारभार बघतो आणि मधूनमधून चित्रंही काढतो. एका माणसानं राज्यही चालवायचं आणि अंगणात रांगोळीही घालायची म्हटल्यावर दोन्ही बिघडायचंच. चित्रांसाठी स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड घ्यावं." बाईसाहेबांनी विचारिले, "कोणतं?" येथून राज्यास ग्रहण लागले.

कारण कार्डांत दोन घराणी मातबर, एकाचे निशाण हिरवे आणि एकाचे तांबडे, आणि ज्या कोणी जन्मात कार्ड पाहिले नव्हते तोही आठ दिवसांत एका बाजूस जाऊन बसला. कारकून फुटले, पागा फुटली, मुदपाकखाना फुटला. हिरवे आचारी तांबड्या आचाऱ्यांचे हातचे वरण खाईनात. कोन्हेरपंतांनी तीन जासूद आंतरजालाच्या चावडीवर पाठविले की जाणत्या लोकांस विचारून या. पहिल्याचा खलिता आला तो ऐसा, की येथे लोक बारा वर्षांपासून याच प्रश्नावर भांडत आहेत, एकमेकांस कधी भेटलेले नाहीत, परंतु एकमेकांच्या आईबापांविषयी बहुत जाणतात. दुसऱ्याने लिहिले की कोणतेही कार्ड सांगितले की म्हणतात थोडे पुढे सरका, त्यावरचे मिळेल, ऐसा सरकत सरकत मी हत्तीच्या किमतीपर्यंत आलो, पुढे सरकू की परतू, आज्ञा व्हावी. तिसऱ्याने लिहिले की सर्वांत वृद्ध आणि शहाणा जो होता त्यास विचारिले, तो म्हणाला, पुढच्या वर्षी नवे येणार आहे, तोवर थांबा, आणि गेल्या वर्षीही त्याने हेच सांगितले होते ऐसे बाजूचा म्हणाला. तिघांसही परत बोलाविले.

मग कार्तिक लागला आणि सौदागर येऊ लागले. एकाने वापरलेले कार्ड आणिले, रेशमी रुमालात गुंडाळलेले, आणि शपथेवर सांगितले की याचा धनी एक वृद्ध कीर्तनकार, फक्त एकादशीस पत्ते खेळावयास याचा उपयोग करी. बाईसाहेबांनी कार्ड हाती घेतले, पंख्याचे पाते बोटाने हलविले, नाकाशी नेले आणि बोलिल्या, "जळकट वास येतो. पातं डुगडुगतंय. याला रात्रंदिवस बिटकॉइनसारखी आभासी नाणी खणायच्या कामावर जुंपलं होतं आणि आता मरायला टेकल्यावर धुऊन पुसून आणलंय. बाबा, मी घोड्यांच्या बाजारात वाढले. दात घासून आणलेलं जनावर मला लांबून कळतं." सौदागर पाणी न पिता गेला.

दिवाण नरसोपंत यांनीही एक कार्ड सुचविले, त्यास सात रंगांचे दिवे लागत. म्हणाले, "देवदिवाळी तोंडावर आहे, आरासही होईल." कोन्हेरपंतांनी पाहून सांगितले की यात स्मृती चार जीबी आणि लाखीच्या एकट्या आयाळीस तीन लागते. मग सेनापती हैबतराव पुढे जाहले. हैबतरावांचे मत की मोहिमेस जावे तर सर्वांत मोठी तोफ न्यावी. त्यांनी पेटीची लांबी आपल्या वितीने मोजिली, दोन विती भरली, आणि सौदागरास निरोप दिला की दोन विती लांबीचे, तीन पंख्यांचे, सर्वांत थोर कार्ड पाठवा. सौदागराची वीत त्याची. कार्ड आले ते पेटीहून चार बोटे लांब. हैबतराव बोलिले, "पेटीची बाजू कापू." कोन्हेरपंत म्हणाले, कापली तरी पुढे भिंत आहे. "भिंत पाडू." बाईसाहेब म्हणाल्या, "हैबतराव, तुम्ही बसा." ते बसले. कार्ड शिलेखान्यात नेऊन ठेविले, आणि तेथे ते तोफेशेजारी अजून आहे, कोणाच्या उपयोगी नाही, परंतु पाहणारास धाक वाटतो.

आता चंपाषष्ठीस बारा दिवस उरले. कोन्हेरपंतांनी शेवटी दोन कार्डे निवडून बाईसाहेबांपुढे ठेविली. एक वेगवान, देखणे, सर्व हिरव्या मंडळींचे लाडके, स्मृती आठ. दुसरे काळे, ठेंगणे, दिवा नाही, डौल नाही, वेग बेताचा, परंतु स्मृती सोळा. दरबारी मंडळी दुसऱ्यास पाहून हसली. कोणी म्हणाला, हे तर शाळेतल्या डब्याएवढे आहे. बाईसाहेबांचेही मन पहिल्याकडे ओढत होते, खोटे का लिहावे, चांगले जनावर पाहिले की त्यांचा हात आपोआप पुढे होई. परंतु कोन्हेरपंत बोलिले, "बाईसाहेब, मूळ गेम असता तर मीही हेच घ्या म्हटलं असतं. पण आपण त्यात तीनशे सतरा मॉड घातलेत. झाड, गवत, आयाळ, पाणी, सगळं एका वेळी कार्डाच्या स्मृतीत मांडावं लागतं. वेग कमी पडला तर लाखी जरा सावकाश चालेल. जागा कमी पडली तर लाखी नदीपर्यंत पोचेल आणि नदीच मावणार नाही." बाईसाहेबांनी पुढे झालेला हात मागे घेतला. मग म्हणाल्या, "मला शर्यत मारायची नाही. पलीकडं जायचंय. ते काळं द्या." नरसोपंत संतोषाने हो म्हणाले. त्यांस वाटले, काळ्या डब्याने काही व्हावयाचे नाही, आणि त्यांनी रुमाल ठेवावयाच्या फळ्यांसाठी सुतारास सांगून टाकिले.

मार्गशीर्ष शुद्ध द्वितीयेस मुहूर्त धरिला. या राज्याची रीत ऐसी की प्रत्येक कामाचे वतन वेगळे, आणि एकाच्या वतनाकडे दुसऱ्याने वाकून पाहणे हेही अपमानाचे. झाकण उघडण्याचे वतन एकाकडे, स्क्रू धरण्याचे एकाकडे, धूळ फुंकण्याचे एकाकडे. कोन्हेरपंतांचे वतन पेटीचे आत जे असेल त्याचे. त्यांनी कार्ड स्वहस्ते बसविले. आणि पडद्याकडे जाणारी जी केबल, तिचे वतन धोंडजी पडदेदार यांचेकडे. त्याची हकीकत ऐसी, की थोरल्या महाराजांचे वेळी पेटी नवी आली तेव्हा ती केबल सैल होती, वारंवार निसटे, तर धोंडजीचे बाप रायाजी यांनी दिवाळीचे तीन दिवस पेटीमागे बसून केबल बोटाने दाबून धरिली. महाराज प्रसन्न जाहले आणि ताम्रपटावर सनद करून दिली की, पेटीचे पाठीवरील वरचे छिद्रात ही केबल रायाजीने व त्याचे वंशजांनी खोवावी, दुसऱ्याने हात लावू नये, चंद्रसूर्य असेतोवर. त्यामुळे धोंडजीही पेटीमागे चटईवर बसत, भिंतीकडे तोंड करून. साठी उलटली होती, तरी पडद्यावर काय चालते ते त्यांनी कधी पाहिले नव्हते. सरकारचा खेळ सरकारने पाहावा, पडदेदाराने केबल पाहावी, ऐसा त्यांचे घराण्याचा नेम. त्या दिवशीही धोंडजींनी स्नान करून, हळदकुंकू वाहून, केबल खोविली.

पेटी सुरू जाहली. सर्व दरबार माडीवर लोटला. बाईसाहेबांनी लाखीस माळावर घेतले, आणि लाखी अडखळली. पूर्वी अडखळे तैसीच. कोन्हेरपंत म्हणाले, थोडे पुढे जाऊ द्या. पुढे गेली. बाभळी थांबथांबून सरकू लागल्या, तरवड थरथरला, नदी दिसली, टापा पाण्यास लागल्या आणि पडदा काळा जाहला. मग हिरवे म्हणाले आम्ही सांगत होतो, तांबडे म्हणाले आम्हीही सांगत होतो, आणि दोन महिन्यांत प्रथमच दोघांचे एकमत जाहले की दोष कोन्हेरपंतांचा. कोन्हेरपंतांनी पुन्हा पुन्हा तपासिले. पेटी म्हणे, कार्ड आहे, हजर आहे, निरोगी आहे. मग त्यांनी पगडी काढून बाईसाहेबांचे पायाशी ठेविली. बाईसाहेबांस इतका संताप आला होता की म्हणाल्या, "उचला ती पगडी आणि जा. दोन महिने मला आशा लावली. आशा लावणाऱ्यापेक्षा दिवाण परवडला." कोन्हेरपंत गेले. हे बोलणे आपण बोलायला नको होते, हे बाईसाहेबांस जिना उतरणाऱ्या पावलांवरून लगेच कळले, परंतु बोलाविणे पाठविले नाही. स्वभाव.

पंचमीस तिसरे प्रहरी सुतार फळ्यांचे माप घेऊन गेला. बाईसाहेब एकट्याच माडीवर होत्या. म्हणाल्या, उद्या नको, आजच निरोप घ्यावा. लाखीस माळावर दोन घटका फिरविले, नदीकडे नेलेच नाही, आणि उठल्या. पेटीचे झाकण उघडेच होते, कारण झाकण लावणाराचा त्या आठवड्यात उपास चालू होता. उठताना आधारासाठी हात आत गेला आणि काळ्या कार्डावर पडला. तेथेच थांबल्या. जन्मभराची सवय, रपेट करून आले की जीन उतरवून घोड्याच्या पाठीवर हात ठेवावयाचा, किती तापला, किती घाम आला, ते पाहावयाचे. कार्ड रांजणासारखे गार होते. पंखेही फिरत नव्हते. बाईसाहेब खाली बसल्या, पुन्हा हात लाविला, दोन्ही बाजूंनी लाविला. मग जिन्याच्या तोंडाशी जाऊन हाक मारिली ती वाड्याबाहेर ऐकू गेली. "कोन्हेरपंतांना बोलवा. म्हणावं, म्हातारी चुकली. म्हणावं, घोडी कोरडी आहे. ती धावलीच नाही."

कोन्हेरपंत धावत आले. कार्डास हात लावून पाहिले. म्हणाले, "याला कामच दिलेलं नाही." मग मागे पाहावयाचे तर धोंडजींच्या वतनाची जागा, म्हणून दाढीचा आरसा मागविला आणि तो हातभर लांब धरून पेटीची पाठ पाहिली. आरशात दिसले ते ऐसे, की नव्या कार्डास स्वतःचे छिद्र खाली आहे, ते रिकामे, आणि केबल वरच्या छिद्रात, जेथे ती थोरल्या महाराजांपासून असे. वरचे छिद्र प्रोसेसरचे. म्हणजे सोळा जीबीचे कार्ड आत बसून होते आणि पडद्यास चित्रे पूर्वीचाच दमलेला कारभारी पुरवीत होता. चार दिवस या पेटीभोवती पन्नास माणसे वावरली, आणि एकानेही मागे पाहिले नाही, कारण मागचे वतन दुसऱ्याचे.

षष्ठीस सकाळी दरबार भरला. कोन्हेरपंतांनी सांगितले, केबल वरच्या छिद्रातून काढून खालच्या छिद्रात घालावी, इतकेच काम आहे. नरसोपंत उभे राहिले आणि बोलिले, "सनद थोरल्या महाराजांची. वरचं छिद्र असं अक्षरानं लिहिलंय. आज केबलीचं छिद्र हललं तर उद्या पाटलाच्या शेताची शीव हलेल, परवा देवळाचं इनाम हलेल. एका घोडीसाठी राज्याची घडी मोडायची?" आणि हे बोलणे, पैज बाजूस ठेविली तर, अगदीच गैर नव्हते. महाराज म्हणाले, दोन्ही बाजूंचे खरे आहे. मग बाईसाहेबांकडे पाहून हळूच म्हणाले की, आत्याबाई, हुकूम हवा असेल तर शिक्का करतो. बाईसाहेबांनी पुष्कळ वेळ विचार केला. सूर्य खिडकीच्या दुसऱ्या चौकटीत आला. मग म्हणाल्या, "नको. कोणाचं वतन मोडून मला पलीकडं जायचं नाही. धोंडजींना माडीवर बोलवा. मागं नाही, पुढं. माझ्याशेजारी चौरंग टाका."

धोंडजी आले, हातात सनदेची नळी, आणि पडद्यापुढे यावयास तयार होईनात. म्हणाले, "सरकार, आमच्या घराण्यात बघत नाहीत." बाईसाहेब म्हणाल्या, "तुझ्या घराण्याला तसा हुकूम कधीच नव्हता. तुमचं तुम्हीच मानून घेतलंत. बस." ते चौरंगाच्या काठावर बसले. बाईसाहेबांनी लाखीस माळावर घेतले. धोंडजींनी प्रथम बाभळी पाहिल्या, मग तरवड पाहिला, मग घोडी पाहिली. म्हणाले, "हे सगळं या केबलीतून जातं?" म्हणाल्या, "सगळं." मग लाखी अडखळू लागली. पाय उचलला तो हवेत राहिला. धोंडजी चौरंगावर पुढे सरकले. नदी आली, लाखीने मान ताणली, पाण्यावर पाय ठेवला, आणि पडदा काळा. धोंडजींनी विचारिले, "जनावराचे हे हाल कशामुळं होतात?" बाईसाहेबांनी कोन्हेरपंतांकडे पाहिले, कोन्हेरपंतांनी पेटीचे पाठीकडे. धोंडजींनी दोघांची तोंडे पाहिली आणि म्हणाले, "माझ्यामुळं व्हय?"

मग धोंडजी उठले, सनदेची नळी चौरंगावर ठेविली आणि पेटीमागे गेले. नरसोपंत बोलिले, "धोंडजी, सनदेचा विचार करा." पेटीमागून आवाज आला, "केलाय, दिवाणजी. माझ्या बानं तीन दिवस बोट दाबून धरलं ते पडदा काळा पडू नये म्हणून. भोकापायी न्हाई धरलं. भोक लिहिणाऱ्या कारकुनानं लिहिलं." आणि केबल निघाल्याचा आवाज जाहला, आणि पुन्हा खोविल्याचा. पडदा उजळला. पंखे फिरू लागले.

तेव्हा चौथा प्रहर चालला होता. बाईसाहेबांनी लाखीस माळावर सोडिले आणि ती चालली ती ऐसी, की पाऊल उचलले ते कधी टेकले हे कळू नये. आयाळ उडू लागली. बाभळींच्या सावल्या तिच्या पाठीवरून सरकत गेल्या. हिरवे आणि तांबडे दोघेही श्वास धरून उभे होते. नदी आली, आणि लाखी पाण्यात उतरली. पाण्यात लाखीची दुसरी लाखी दिसली, आभाळ दिसले, आणि ती पोटापर्यंत, मग गुडघ्यांपर्यंत, मग घोट्यांपर्यंत पाण्यात, आणि पलीकडच्या काठावर चढली. हैबतरावांनी शेल्याआड डोळे पुसले. पलीकडे काय असेल याविषयी वाड्यात दोन वर्षे तर्क चालले होते, कोणी किल्ला म्हणे, कोणी खजिना. पलीकडे काहीच नव्हते. गवत होते आणि मोकळी जमीन होती, दृष्टी जाईल तेथवर, कोणी मॉड घातलेला नाही, घर नाही, वाट नाही. नरसोपंत पैज हरले होते, तरी त्यांस राहवेना. म्हणाले, "बाईसाहेब, हे पाहायला एवढा खटाटोप? इथं तर कोणी नाही."

बाईसाहेबांनी पडद्यावरची नजर काढिली नाही. म्हणाल्या, "पंत, मी राजाची लेक. सातव्या वर्षापासून घोड्यावर बसले, पण पुढं दोन स्वार आणि मागं चार असल्याशिवाय मला कोणी सोडलं नाही. एकसष्ट वर्षं घोड्याच्या दोन कानांच्या मधून मी कोणाची तरी पाठच बघत आले." आणि लगाम सैल केला.

येणेप्रमाणे चंपाषष्ठीचे दिवशी सूर्य मावळण्यापूर्वी लाखी नदीपार जाहली. दिवाणजींनी वचन पाळिले, फळ्या देवघराचे मागील खोलीत गेल्या. धोंडजींस नवी सनद जाहली, तीत छिद्राचा उल्लेख नाही. कोन्हेरपंतांस शालजोडी मिळाली आणि त्यांची क्षमा बाईसाहेबांनी सर्वांदेखत मागितली. आणि बाईसाहेबांचा हुकूम जाहला की गेमात अलीकडे हौसेने काय हवे ते घालावे, नदीपलीकडे मात्र एकही मॉड कोणी घालू नये. तो हुकूम आजतागायत चालतो. जे पाहिले ते लिहिले, अधिकउणे वाचणाराने सांभाळावे.